पाय बघून फरशी देणारे शेठ

शेवगावातल्या फरशीच्या दुकानात मी नोकरी मागायला गेले तेव्हा शेठनी माझं शिक्षण विचारलं नाही. ‘चप्पल काढ,’ म्हणाले. मला वाटलं, आत देव्हारा असेल. मी चप्पल काढली. त्यांनी मला दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. तिथं जमिनीत निरनिराळ्या फरश्यांचे चटईएवढे चौकोन बसवलेले होते. शेजारी नळ, बादली आणि साबणाच्या पाण्याने भरलेला मग. एका पांढऱ्याशुभ्र, चकचकीत चौकोनावर त्यांनी तो मग रिकामा केला आणि म्हणाले, ‘चाल.’

मी पाऊल टाकलं आणि पुढच्याच क्षणी नळाला लोंबकळले.

‘कळलं?’

‘हो.’

‘मंग उद्यापासून ये. गिऱ्हाइकाला सांगताना आता तुला पाठ करावं लागणार न्हाई.’

मी बी.कॉम. झालेली होते आणि बिलं करण्यासाठी मला ठेवलं होतं. लग्न होऊन नगरला येईपर्यंत मी तिथंच काम केलं. त्या काळात मी किती बिलं केली ते आठवत नाही, पण किती लोकांना त्या नळाला लोंबकळताना पाहिलं त्याची मात्र आजही गंमत वाटते. तहसील कचेरीतले साहेब, बाजार समितीतले व्यापारी, नवं घर बांधणारे मास्तर, सगळे एकाच नळाला. शेठ कुणाला हात द्यायचे नाहीत. बाजूला उभे राहून शांतपणे बघायचे.

शेठ पन्नाशी उलटलेले, अंगाने बारीक. पँट कायम घोट्याच्या वर दुमडलेली, कारण कुठल्या क्षणी ओल्या फरशीवर उतरावं लागेल याचा नेम नसे. दुकानात माणूस शिरला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. शेठ पायांकडे बघत. टाचा भेगाळलेल्या आहेत का, अंगठा वाकडा आहे का, चालताना पाय उचलतो की फरफटवतो. मग पहिला प्रश्न : ‘घरात म्हातारं कोण हाय?’ दुसरा : ‘लेकरं?’ किती खोल्या, कोणता रंग, किती खर्च करणार, हे सगळं त्यानंतर. गावात त्यांना ‘पायबघे शेठ’ म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

त्यांचं सगळं बोलणं न्हाणीघराभोवतीच फिरायचं. हॉलची, ओट्याची, देवघराची फरशी ते एका शब्दात विकून टाकत. ‘आवडली? घ्या.’ पण न्हाणीघराचा विषय निघाला की ठाण मांडायचे. ‘फरशी डोळ्यानं घेऊ नका, पायानं घ्या. डोळ्याचा काय भरवसा? न्हाताना ते मिटलेले असत्यात.’ माणूस न्हातो म्हणजे नेमकं काय करतो, हे ते उभं राहून करून दाखवत. तोंडाला साबण, एका हातात तांब्या, दुसरा हात हवेत साबणाची वडी शोधतोय, आणि पाय धुवायचा म्हणून एकाच पायावर उभा. ‘ह्या माणसाला तुमी आरशावर उभं करताय,’ ते म्हणायचे, ‘आन् वर म्हनताय, दिसायला झ्याक हाय.’

खोक्यावर ‘अँटी-स्किड’ असं छापलेलं असलं तरी त्यांचा विश्वास नसे. ‘खोक्यावर लिव्हलंय ते खोक्याला लागू.’ नवा माल आला की आधी शेडमध्ये एक चौकोन बसायचा, त्यावर साबण, तेल, शिकेकाई, लेकरांचं मालिशचं तेल असं सगळं ओतलं जायचं आणि शेठ स्वतः अनवाणी त्यावरून फिरायचे. मोठ्या फरश्यांची फॅशन आली तेव्हा बायका न्हाणीघरालाही मोठीच मागू लागल्या, कारण सांधे कमी, घाण कमी. शेठ म्हणत, ‘बारकी घ्या. जितके सांधे, तितकं पायाला धराया मिळतं. सांध्यातली घाण घासून निघती. मोडलेला खुबा घासून जुळत न्हाई.’ गवंड्यांनाही ते दम देत. उतार जाळीकडे नीट नसेल तर पाणी साचतं, आणि साचलेल्या पाण्यात कोणतीही फरशी घसरते, हे त्यांचं ठाम मत.

सगळ्यांना ते पटायचंच असं नाही. एकदा शिर्डीचा एक लॉजवाला आला. लॉजची नवी इमारत उभी राहत होती आणि सगळ्या खोल्यांच्या बाथरूमना त्याला एकच फरशी हवी होती. मोबाइलमध्ये परदेशातल्या कुठल्या तरी हॉटेलचा फोटो होता. पांढरी, आरशासारखी.

शेठ म्हणाले, ‘ही मी देणार न्हाई.’

‘न्हाई म्हंजे? माल हाय की तुमच्याकडं.’

‘हाय. हॉलला न्या, जिन्याला सोडून कुटंबी लावा. बाथरूमला न्हाई.’

‘अहो, आमी पुसायला माणूस ठेवतोय.’

‘तो कवा येतो? माणूस पडल्यावर. तुमच्या लॉजात येतंय कोन? लांबनं आलेलं, रातभर गाडीत बसलेलं म्हातारं. पहाटे दर्शनाच्या घाईत न्हातंय. नळ कुटला गरम, कुटला गार ते बी त्याला म्हाईत न्हाई. त्याच्या पायाखाली काच देऊ व्हय?’

लॉजवाला हसला, मग चिडला, मग निघून गेला. त्याने नगरहून हवी ती फरशी घेतली. त्या दिवशी शेठच्या बायकोने, म्हणजे काकींनी, दुपारी दुकानात जेवणाचा डबा आणून टेबलावर जरा जोरातच ठेवला. एवढं मोठं गिऱ्हाईक परत गेल्याचं त्यांना गवंड्याकडून कळलं होतं.

गोष्ट इथं संपली असती तर कुणीही म्हणेल की पुढे त्या लॉजमध्ये माणसं पडली आणि शेठ खरे ठरले. तसं काही झालं नाही. बऱ्याच दिवसांनी तोच लॉजवाला लेकीच्या घरासाठी फरशी बघायला पुन्हा आला आणि मुद्दाम म्हणाला, ‘शेठ, अजून एक माणूस घसरला न्हाई बरं का.’

शेठ म्हणाले, ‘ती बाबांची कृपा. फरशीची न्हाई.’

आणि लेकीच्या घरासाठी त्याला खरबरीत फरशी देऊन पाठवलं. त्याने ती नेलीही.

शेठ असे का झाले, याबद्दल गावात बऱ्याच कथा होत्या. कुणी म्हणे त्यांचे वडील न्हाणीत पडून गेले. कुणी म्हणे पहिलं मूल. मी एकदा धीर करून विचारलं. ते फरशीचा तुकडा कानशीने घासत होते, थांबलेही नाहीत. ‘कुनी पडलं न्हाई. वडील गेले तापानं. आई वर बसलीय, रोज स्वतःच्या हातानं न्हाती. कुनी मेल्याबिगर माणसानं काळजी करू न्हाई का?’ मला वाटतं हे खरंच होतं. माणसाला वेड लागायला कारण लागतंच असं नाही.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचं घर होतं. तिथल्या न्हाणीघरात शेठनी जगातली सर्वांत खरबरीत फरशी बसवलेली होती, बहुतेक पार्किंगसाठी बनवलेली. मी एकदा पाय धुवायला गेले आणि तळवे चोळत बाहेर आले. काकी म्हणाल्या, ‘ह्यांच्या फरशीवर कुनी पडत न्हाई, कारन मी कायम खाली बसल्यालीच असते. घासत.’ त्यांनी हात पुढे केले. बोटांच्या पेरांवरची कातडी सोलवटलेली होती. तारेचा ब्रश लावल्याशिवाय त्या फरशीतला साबणाचा काळा थर निघत नसे आणि घासताना हात फरशीला लागत. ‘किती बारी सांगितलं, जरा मऊ घ्या. ऐकतंय कोन?’

शेठ समोरच चहा पीत होते. ‘मऊ म्हंजे घसरडी,’ ते म्हणाले आणि विषय संपला.

त्यांचं हे मत ज्या माणसाने बदललं तो माणूस दुकानात कधी आलाच नव्हता. आला होता त्याचा मुलगा. शेवगावजवळच्या एका खेड्यातला, साखर कारखान्यात नोकरीला. वडील एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. घरातल्या न्हाणीत गुळगुळीत झालेली जुनी काळी फरशी होती, तिच्यावर ते एकदा घसरले. हाताला मुका मार लागला, बाकी निभावलं. मुलाने घाबरून लगेच फरशी बदलायचं ठरवलं.

त्याने स्वतः शेडमध्ये फिरून एक फरशी पसंत केली. चमक नसलेली, बारीक रव्यासारखा पोत असलेली. माझ्या मते चांगली होती. मी बिल करायला घेतलं. तेवढ्यात शेठ आले.

‘वय किती वडलांचं?’

‘पंच्याहत्तरच्या पुढं.’

‘एकदा पडल्यात म्हनला ना? मंग ही न्हाई चालायची. ती घ्या.’ आणि त्यांनी घरी बसवली होती तीच खरबरीत फरशी दाखवली.

मुलगा म्हणाला, ‘लई टोचंल न्हाई का?’

‘टोचू द्या. टोचल्यानं माणूस मरत न्हाई.’

मुलाने तीच नेली. वडील खूश झाले, असा निरोपही त्याने नंतर फोन करून दिला. शेठनी तो आल्यागेल्याला आठवडाभर सांगितला.

काही महिन्यांनी तो मुलगा पुन्हा दुकानात आला. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. त्याने आवाज चढवला नाही. मोबाइल काढून शेठच्या हातात दिला. फोटोत एका पायाची टाच होती. मी टेबलापलीकडून पाहिलं आणि मान वळवली.

‘आबांना शुगर हाय,’ तो म्हणाला. ‘पायातलं काय कळत न्हाई त्यांना. आमाला बी म्हाईत नव्हतं की इतकं कळत न्हाई. नवी फरशी त्यांना लई आवडली हुती. वजरी लागत न्हाई म्हनायचे, फरशीवरच टाच घासायचे रोज. कातडं गेलं ते त्यांना कळलंच न्हाई. पायमोज्याला रक्त लागलं तवा सुनेनं बघितलं.’

‘आता?’ शेठनी विचारलं.

‘नगरला दवाखान्यात हायेत. डॉक्टर म्हनत्यात, जखम भरली तर भरली. न्हाईतर पाय काढावा लागंल.’

शेठ फरशीच्या खोक्यावर बसले. फोटो परत मोठा करून बघितला. मला वाटलं, आता म्हणतील की टाच घासायला कुणी सांगितलं होतं. म्हणाले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, ‘शुगर हाय हे मी इचारलं हुतं का?’

‘न्हाई.’

‘तुमी सांगितलं हुतं का?’

‘न्हाई. फरशीला शुगरचं काय सांगायचं असतं, हे आमाला काय ठावं?’

‘ते मला ठावं पायजे हुतं,’ शेठ म्हणाले. मग उठून दुमडलेली पँट खाली केली, पायात बूट घातले आणि त्या मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून नगरला गेले. तोवर मी त्यांना बूट घातलेलं कधी पाहिलं नव्हतं.

दवाखान्यात काय झालं ते मला मुलानेच नंतर सांगितलं. आबा पलंगावर पाय उंच करून पडले होते. शेठनी ओळख सांगितली, हात जोडले. आबांनी आधी मुलालाच झापलं, ‘ह्यांना कशाला वढत आणलंस?’ मग शेठना जवळ बसवून घेतलं.

‘तुमी कधी गाडी चालवली का?’

‘मोटारसायकल.’

‘ती न्हाई. मोठी. माणसं भरल्याली.’ आबा म्हणाले. ‘ब्रेक लागला न्हाई तर गाडी दरीत जाती. पर ब्रेक कायम चिकटून राहिला तर टायर जळतो. गाडी तवाबी उभीच. तुमी माझा ब्रेक लई आवळला, बाबा.’

त्यानंतरचे काही आठवडे दुकानात विचित्र गेले. शेठ शेडकडे फिरकत नव्हते. गिऱ्हाईक आलं, विचारू लागलं की ‘तुमाला आवडंल ती घ्या,’ एवढंच म्हणत. चकचकीत मागितली तर चकचकीत देत. काही लोकांना ते बरं वाटलं, पण पुष्कळांना चुकल्यासारखं झालं. एक बाई तर सुनेला घेऊन खास वरूरहून आल्या होत्या. त्या मला हळूच म्हणाल्या, ‘शेठची तब्येत बरी न्हाई का? भांडत न्हाईत ते.’

भांडल्या काकीच. एका सकाळी त्या दुकानात येऊन माझ्यासमोरच म्हणाल्या, ‘तोंड पाडून बसल्यानं त्या माणसाचा पाय भरणार हाय का? तो घरी आल्यावर न्हाणार कुटं, ते बघा आधी.’

‘काय बघू? त्यांच्या पायाला कळत न्हाई. मी कुटल्या पायानं फरशी निवडू?’

‘पायाला कळत न्हाई तर हाताला कळतं.’ काकी शेडमध्ये गेल्या. मी मागोमाग गेले. त्यांनी एकेक चौकोन ओला केला आणि खाली बसून मनगटाची आतली बाजू त्यावर घासली. लाल झाली की पुढचा चौकोन. एका ठिकाणी बराच वेळ घासलं, मनगट बघितलं आणि शेठना हाक मारली, ‘आता हिच्यावर साबण ओता आन् चाला.’ शेठ अनवाणी चालले. घसरले नाहीत. ती आबांच्या मुलाने आधी पसंत केलेलीच होती, की तिच्या शेजारची, हे मला आज खात्रीने सांगता येणार नाही. शेजारची असावी, कारण तिचे तुकडे बारके होते.

आबांचा पाय वाचला. जखम भरायला फार दिवस लागले, मांडीची कातडी काढून टाचेला लावावी लागली, आणि चालणं कायमचं मंद झालं. पण पाय राहिला. ते घरी यायच्या आधी शेठनी स्वतः जाऊन ती खरबरीत फरशी उखडायला लावली. गवंडी नवी बसवायला निघाला तेव्हा मात्र त्यांनी त्याला थांबवलं. आबा येऊ देत, म्हणाले. नवी फरशी बसेपर्यंत त्यांना पडवीत खुर्चीवर बसवून आंघोळ घाला.

आबा आल्यावर शेठनी त्यांच्याकडे एक मागणी केली, ती ऐकून घरातल्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ‘आबा, मला तुमाला न्हाताना बघायचंय. इतकी वर्षं मी फरशी विकली. म्हातारं माणूस न्हातंय कसं ते मी बघितल्यालंच न्हाई. आईला तरी कुटं बघणार?’

आबा म्हणाले, ‘ड्रायव्हर लोकांना उघड्यावर न्हायची सवय असती. बघा.’

मग शेठ बघत बसले. उठताना आबा हात कुठं टाकतात, बादलीकडे किती वाकतात, कोणत्या पायावर भार देतात. जिथं आबांचा हात आपोआप गेला, तिथं पडवीच्या भिंतीला खडूने खूण केली आणि नंतर न्हाणीत त्याच उंचीवर स्टीलचा दांडा बसवला. बसायला सिमेंटचा ओटा केला, त्याच्या कडा गोल केल्या. बादली ठेवायला वेगळा उंचवटा केला, म्हणजे वाकायला नको. उतार पाणी ओतून ओतून तपासला. आणि खाली काकींनी निवडलेली फरशी.

नव्या न्हाणीतल्या पहिल्या आंघोळीच्या दिवशी मीही गेले होते, राहिलेल्या मालाची मोजणी करायची म्हणून. काम झालं आणि मी अंगणात सुनेजवळ बसले. ती शेंगा फोडत होती. न्हाणीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आत आबा, आणि पडले तर धरायला म्हणून पँट दुमडून शेठ.

आतून शेठचा आवाज आला. ‘आबा, आता पाय टेका. सावकाश. कसं लागतंय?’

‘मला पायाला काय लागतंय ते कळत असतं,’ आबा म्हणाले, ‘तर तुमी हितं कशाला आला असता?’

सुनेचा हात शेंगेवर थांबला. मला वाटलं शेठ आता बाहेर येतील. आले नाहीत. मग पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि पुन्हा आबांचा, जरा खाली आलेला.

‘हात पोचत न्हाई मागं. जरा पाठ घासा.’

सून माझ्याकडे वळली. ‘ह्यांना सुदिक घासू देत न्हाईत आबा,’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘पोटच्या पोराला.’

आत तांब्या बादलीत बुडला. बराच वेळ फक्त पाण्याचा आणि हात फिरल्याचा आवाज येत राहिला. मग आबा म्हणाले, ‘जरा जोर लावा, शेठ. पाठीला कळतंय.’